रेडिएटरमधली हळद

बाबा, गुडघा कसा आहे? तिथं चढउतार नसेल, सगळं सपाट असेल, असं आपलं आम्ही धरून चालतो. आईचा दमा थांबला का? इथं तो धुरानं उठायचा. तिथंही चूल तिच्याच गळ्यात पडली असेल तर तिला म्हणावं, पुरे आता, दुसऱ्या कोणाला फुंकू दे. मोठे काका अजूनही जेवण झालं की पोट धरून बसतात का, आणि पोट धरल्या धरल्या पुन्हा ताटाकडे पाहतात का? काकूच्या कानाचं काय? वर गेल्यावर ऐकू यायला लागलं असेल तर काकांची पंचाईत झाली असेल. आणि आपला पांढरा बैल, ज्याच्या मागच्या पायाला तुम्ही रोज तेल चोळायचे, तो भेटला असेल तर त्याचाही पाय एकदा पाहून घ्या. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्या सुनेला शुगर निघाली. तेव्हापासून ती बिनसाखरेचा चहा पिते आणि स्वतःच्या वाट्याची साखर माझ्या कपात टाकते, म्हणजे उद्या मलाही निघेल. माझ्या चश्म्याचा नंबर वाढला. तुमची जीप मात्र खणखणीत आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

तुमच्या पणतीचं लग्न झालं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती आणि तुमच्या मिशा ओढायची, तीच. पत्रिका द्यायला मी आणि तुमची सून बीबी गावाला आत्याकडे गेलो. आत्या ओसरीवर मूग निवडत बसली होती. तुमची ही धाकटी बहीण आता अशी वाळली आहे की सुपामागं बसली तर दिसत नाही, पण आवाज तोच. तिनं पत्रिका हातात घेतली, उलटी धरून नीट पाहिली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "मी काही येत नाही बाबू."

"काऊन?"

"मले त्या बंद डब्यात मळमळते. मागच्या डावाले तुह्या पोराच्या गाडीत बसली तं तो काचा लावते, गार हवा सोडते, अन् आतमंधी अत्तराच्या दुकानावानी वास. मेहकर येईलोक मले तीनदा रस्त्याच्या कडेले बसवलं. इथूनच अक्षता टाकीन मी."

"मंग एसटीनं?"

"एसटीत चढाले मले दोघं लागते, उतराले चार."

तुमची सून थट्टेनं म्हणाली, "मंग पालखी पाठवू का आत्याबाई?"

"पालखी कायले? माह्या दादाची जीप हाय नं! मोकळी हाय, वारा लागते. दादा न्याले आला का साऱ्या गल्लीले आवाज जात होता. बाया बाहेर येऊन म्हणत, आला वं तुह्या माहेरचा. जीप पाठव, तं येते." मग मुगातला एक खडा काढून तिनं अंगणात फेकला आणि अगदी सहज म्हणाली, "अन् या डावाले नाही झालं, तं मंग काही माह्यं येणं होत नाही माहेराले, अमडापूरले."

सासरी गेलेल्या बहिणीला न्यायला माहेरचा मुराळी जातो. आपल्या घरात मुराळी तुम्ही कमी आणि जीप जास्त होती. आणि घरातल्या एकूण एक पोरीला पहिली हळद आत्याच्याच बोटानं लागलेली आहे, माझ्या बहिणींना, माझ्या लेकीला. त्या खड्याकडे पाहता पाहता माझ्या तोंडून "हाव, आणतो जीप" असं निघून गेलं. परतीच्या रस्त्यावर तुमची सून उरलेल्या पत्रिका मोजत होती. चिखली आल्यावर म्हणाली, "जीप म्हणजे तीच नं, जिच्यात मी कांदे ठेवते?"

तीच. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता आणि भाजीसाठी मी छोटा टेम्पो घेतला तेव्हापासून जीप त्या गोठ्यात उभी होती. मागच्या सीटवर कांदे, पुढच्या सीटवर बाळंतीण मांजर, टपाच्या ताडपत्रीला उंदरांनी खिडक्या पाडलेल्या. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॅटरी लावली, डिझेल बदललं, कुठं काय खरडलं, आणि जीप जी खोकली, ती थेट तुमच्यासारखी खोकली बाबा. सगळा गोठा धुरानं भरला, मांजर पिल्लं उचलून निघून गेली. आम्ही टाळ्या वाजवतो न वाजवतो तोच रेडिएटरच्या तोंडातून वाफ. मेकॅनिक म्हणाला, "काका, इंजिनाले काही झालं नाही. आतमंधी पाणीच फिरून नाही राह्यलं. रेडिएटर बदला." मी मलकापूरला जुन्या सामानवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, या जीपचा रेडिएटर आता मिळत नाही, पण तुमच्याकडचा काढला तर घेऊन या, पितळ वजनावर घेतो. फोन ठेवला आणि ठरवलं, की हे आपणच करायचं.

तुम्ही म्हणाल, तुला काय येतं? मी आठवीच्या पुढं गेलो नाही हे खरं, पण ठिबकच्या नळ्या वर्षानुवर्षं धुतल्या आहेत. आपल्या विहिरीचं पाणी किती खारं ते तुम्हाला ठाऊक आहे. वांग्याला पाणी जाईना की मी नळीचं टोक उघडतो, औषध सोडतो, उलट्या बाजूनं मोटर लावतो, आणि खाराचे पापुद्रे बाहेर पडतात. रेडिएटर म्हणजे तरी काय, पितळेच्या बारीक नळ्यांचा वाफाच. त्यात तुम्ही जन्मभर तेच विहिरीचं पाणी ओतलं. "पाणी पाह्यलं काय?" एवढंच तुम्ही गाडीबद्दल आम्हाला शिकवलं होतं. मी माझ्याच लग्नाला नवा सदरा घालून निघालो आहे, जीपमध्ये बसलो आहे, आणि तुम्ही दारातून ओरडता आहात, "पाणी पाह्यलं काय बे?" मी म्हणतो, पाह्यलं. तुम्ही तरीही येता, बोनेटवर तळहात ठेवता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मगच जा म्हणता.

तर मी खालची तोटी उघडली. काहीच आलं नाही. तार घातली, ढोसलं, तेव्हा तंबाखूच्या पिंकेसारखं पाणी आलं, ते बरोबर माझ्या बाहीत. मोबाईलवर एक माणूस हेच काम हिंदीतून करून दाखवतो. त्याची गाडी वेगळी, गोठा नाही, कपडे पांढरे. तो म्हणाला लिंबाचं सत पाण्यात घालून इंजिन फिरवा, आतला खार सुटतो. ठिबकचं औषध पितळ खाऊन टाकील, हे मलाही कळत होतं. मग वाटलं, लिंबाचं सत विकत आणायचं कशाला? देवाची तांब्या-पितळेची भांडी आई कशानं घासायची? चिंचेनं. आणि चिंचेचं झाड गोठ्याच्या डोक्यावरच उभं. मी स्वतःवर इतका खूश झालो की दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होतो.

मोठ्या गंजात, म्हणजे पंगतीच्या पातेल्यात, चिंच भिजवली, अंगणातल्या चुलीवर उकळायला ठेवली आणि मोटर चालू करायला मळ्यात गेलो. घरात लग्नाच्या पापड-शेवयांसाठी बायका जमलेल्या, त्यांत माझी मेहुणी. तिला कामाशिवाय बसवत नाही. तिनं गंजात डोकावून पाहिलं, एवढा चिंचेचा कोळ उकळतो आहे म्हणजे पाहुण्यांसाठी सार असणार, आणि आपली बहीण विसरभोळी, म्हणून तिनं त्यात गुळाची ढेप फोडून घातली. मीठही घातलं. फोडणी द्यायची तेवढी राहिली होती, कारण मी आलो. मी काही चाखून पाहिलं नाही. गाडीच्या औषधाची चव कोण घेतं? जुन्या धोतरातून गाळलं, रेडिएटरमध्ये ओतलं आणि इंजिन चालू केलं.

पहिल्यांदा वास सुटला. असा वास, बाबा, की शेजारचा म्हातारा काठी टेकत गोठ्याच्या दाराशी आला आणि म्हणाला, "आज पंगत हाय काय तुमच्याकडे? आमाले काही बलावणं नाही." मग रेडिएटरच्या तोंडातून फेस आला, सोनेरी, काकवीसारखा, आणि बंपरवरून खाली ओघळला. मला वाटलं, काय जोरात खार सुटतो आहे! मी सगळ्यांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गोठ्याच्या भिंतीपासून जीपपर्यंत मुंग्यांची रांग, जाळीतून आत जाते आहे, पंख्यावरून बाहेर येते आहे. तुमची सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजलोक ऐकलं होतं गाडी डिझेल पेते. तुमची तं सार वरपते!" मेहुणी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मले काय माहीत भाऊजी? सांगून जायाचं नं. मी आणखी वरून खोबरंही किसत होती." तेवढ्यात आलेला मेकॅनिकही ते ऐकून हसला आणि त्यानं ही गोष्ट चिखलीपर्यंत पोचवली. अजून बाजारात वांग्याचं कॅरेट उतरवताना कोणीतरी विचारतंच, "काका, गाडीचं जेवण झालं काय?"

गूळ धुवायला दोन दिवस गेले. दुसरा कोळ तुमच्या सुनेनं स्वतः केला आणि उतरेपर्यंत चुलीजवळून हलली नाही. तो कोळ रेडिएटरमध्ये घातला, इंजिन तापवलं, तसाच दिवसभर राहू दिला, आणि मग खालच्या पाईपला मोटरचा पाईप जोडून उलटं पाणी सोडलं. आधी अंड्याच्या टरफलासारखे खाराचे तुकडे आले. मग गंज आला. आणि मग, बाबा, पिवळं आलं. गोळेच्या गोळे, कुजलेल्या पिठल्यासारखे. बोटांवर घेऊन चोळलं तर बोटं पिवळी. नाकाला लावलं आणि मला तुम्ही दिसलात.

मी लहान आहे. तुम्ही स्वयंपाकघरात वाकून शिरता आहात, कारण दार बुटकं आहे. आई भाकरी थापते आहे, तिची पाठ तुमच्याकडे. तुम्ही फळीवरून हळदीचा डबा हळूच उचलता. आई मागे न पाहता म्हणते, "ठेवा तो खाली. वरणाले हळद नाही घरात, अन् गाडीले पायजे." तुम्ही म्हणता, "अवं, चमचाभर." आणि मूठ भरून निघून जाता. रेडिएटर गळला की तुम्ही हळद टाकायचे. पाण्याबरोबर फिरत फिरत ती भोकापाशी जाऊन बसते आणि भोक बुजतं. एका पंजाबी ट्रकवाल्यानं ही विद्या दिली, असं तुम्ही सांगायचे. पण ती भोकापाशी थांबत नाही ना बाबा! ती सगळीकडे जाऊन बसली. निम्म्या नळ्या तुम्ही कायमच्या बंद करून ठेवल्या होत्या. त्या दिवशी गोठ्यात उभं राहून मी तुम्हाला मोठ्यानं बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिथं ऐकू आलं असेल तर आलं.

पिवळ्याचा कण राहू द्यायचा नाही असं ठरवून धुतलं. लग्नघरात सगळे कामाला लागलेले आणि मुलीचा आजा गोठ्यात जीपला आंघोळी घालतो आहे. शेवटी ज्या रंगाचं पाणी आत जाई त्याच रंगाचं बाहेर आलं. स्वच्छ पाण्यानं रेडिएटर भरला, मागे सरून कौतुकानं पाहत उभा राहिलो, आणि टप, टप, टप. जिथं जिथं तुमची हळद होती तिथं तिथं भोक होतं. चिखलीच्या रेडिएटरवाल्याकडे नेला. त्यानं दिसली तेवढी भोकं झाळून दिली आणि म्हणाला, "काका, बाकीचं देवाच्या हवाली." नवे पाईप टाकले, झाकण बदललं, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी दुकानातलं हिरवं कूलंट भरलं. ते दिसतं सरबतासारखं. तुमच्या सुनेनं उरलेल्या डब्यावर कोळशानं मोठ्या अक्षरात 'गाडीचे आहे' असं लिहून ठेवलं, कारण मेहुणी अजून घरातच होती.

हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बीबीला निघालो. जाताना जीप अशी गेली की मला शीळ घालावीशी वाटली. बीबीच्या गल्लीत शिरताना मी मुद्दाम इंजिन जोरात फिरवलं. बाया खरंच बाहेर आल्या. आत्या उंबऱ्याशी तयार बसलेली, अंगावर नवं लुगडं, मांडीवर फडक्याचं गाठोडं. भिंत धरून ती उठली. जीपभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात फिरवला, मग गल्लीकडे वळून म्हणाली, "पाह्यलं वं? आलं माह्यं माहेर." तिला पुढे बसवलं. गाठोडं मागे ठेवू म्हटलं तर देईना.

सुलतानपूर मागे पडलं. आत्या वाऱ्याला तोंड देऊन बसली होती, डोळे मिटलेले, पदर उडतो आहे. मेहकरच्या अलीकडे एका चढावर इंजिनाच्या तापाचा काटा हलला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग वाफेचा वास आला. कडुलिंबाच्या सावलीत गाडी उभी केली, वाकून पाहिलं तर रेडिएटरच्या तळाशी हिरवी धार. देवाच्या हवाली केलेलं भोक होतं ते. तुमची सून म्हणाली, "पोराले फोन लावा. त्याची गाडी येते घंट्या-दीड घंट्यात."

आत्यानं डोळे उघडले. "मी त्या गाडीत नाही बसत. तसं असलं तं मले बीबीले सोडून दे बाबू. तुह्या हातात काय हाय, तू आला तेवढं झालं."

 महिनाभराचं धुणं, चिंच, मुंग्या, सगळं त्या लिंबाखाली थेंब थेंब गळत होतं. आत्यानं वाकून खाली पाहिलं. मग म्हणाली, "हयद टाकली नाही काय?"

"काढली आत्या. धुऊन धुऊन काढली सारी."

"काढली?" ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जसं मी कोणाचं मंगळसूत्र काढून आलो आहे. "काऊन बे? जखमेची पट्टी सोडून पाह्यते काय कोनी, खाली जखम हाय का नाही म्हणून?"

"ती नळ्या बंद करते आत्या. बाबाले त्या ट्रकवाल्यानं..."

"कोन ट्रकवाला?"

"तो पंजाबी. त्यानंच सांगितलं नं हळदीचं?"

आत्या हसायला लागली. दात नाहीत, त्यामुळे ती हसली की सगळा चेहराच हसतो. "असं सांगे काय दादा? अरे, मी सांगतलं त्याले! नवीन लग्न होतं माह्यं. पहिल्या आखाडीले न्याले आला अन् अशीच गाडी गळाले लागली. त्याचं तोंड तुह्याच वानी झालं होतं. मी म्हटलं, दादा, बोट कापलं तं आपण हयद दाबतो, याले दाबून पाह्य. मले येडी म्हणला. मंग टाकली. अन् गाडी लागली नं घरी! तवापासून मले न्याले आला का म्हणे, हयद घेतली काय वं संग?"

आणि तिनं गाठोड्याची गाठ सोडली. नवरीसाठी आणलेली हळद होती, तिच्या स्वतःच्या वाफ्यातली, घरी दळलेली, आंब्याच्या रसासारख्या रंगाची. मी झाकणाला हात घातला तशी ओरडली, "थांब! थंडं होऊ दे. तुह्या बापाचा हात पोळला होता." आम्ही तिघं लिंबाखाली बसलो, गाडी निवायची वाट पाहत. झाकणावर तुमच्या सुनेनं ओलं फडकं ठेवलं. मग आत्याला दोन्हीकडून धरून उभं केलं, कारण ती हळद मला टाकू देईना. तिनं मूठ भरली. तुमची सून म्हणाली, "आत्याबाई, नवरीले ठेवा थोडी." त्या हिरव्या महागाच्या कूलंटमध्ये तुमची बहीण हळद सोडते आहे आणि मी झाकण हातात घेऊन मान खाली घालून उभा आहे. इंजिन चालू केलं. धार थांबून थेंब झाला. थेंब थांबला. मेहकर गेलं, चिखली गेली, काटा जागचा हलला नाही. अमडापूरच्या वेशीपासून आत्यानं हात बाहेर काढून हलवत ठेवला होता, कोणी दिसो न दिसो.

हळदीला तिनं नवरीच्या गालाला बोट लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरी, नवरदेवाची उष्टी हयद मागून येईल तवा येईल. ही आमच्या जीपची उष्टी हाय. आधी तिले लागली." नवरी हसली, तशी हळद तिच्या दातांना लागली. फोटोत तसंच आलं आहे.

आत्याला जीपनंच परत सोडलं. उतरताना म्हणाली, "दिवाळीले येजो." आता आपल्या घरी 'या डावाले नाही झालं तं' असं कोणी म्हणत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून जीपच्या समोरच्या खणात ठेवतो आहे, मांजर परत येऊन बसली आहे तिच्या पलीकडे. एक गोष्ट मात्र तुमच्या सुनेलाही सांगितलेली नाही. तो एक थेंब पुन्हा पडायला लागला आहे. रेडिएटरवाला म्हणाला, आता भोक सापडलं आहे, आणा, झाळून देतो, कायमचं काम होईल. मी नेला नाही. मुळातून बंद झालं तर आत्या गाठोड्यात काय आणेल? फक्त एक अडचण आहे. आई म्हणायची मूठ, तुम्ही म्हणायचे चमचा, आत्याला विचारलं तर ती हात पुढे करून दाखवते, आणि तिची मूठ आता चमच्याएवढीच राहिली आहे. तेव्हा नेमकी किती टाकायची, एवढं तरी दिवाळीच्या आत कळवा. उत्तराला उशीर करू नका.